हिपॅटायटिस सी आणि डॉक्टरांचा सर्व्हे: यादी बनवण्यापासून रिपोर्ट देईपर्यंत

थिसिसचा सीझन आला की पीएसएमच्या (समाजवैद्यक विभागाच्या) एखाद्या तरी रेसिडेंटचा विषय ठरलेला असतो, "जनरल प्रॅक्टिशनर्समधलं हिपॅटायटिस सी बद्दलचं नॉलेज, ॲटिट्यूड आणि प्रॅक्टिस". निष्कर्षही ठरलेला असतो. नॉलेज मध्यम, ॲटिट्यूड चांगला, प्रॅक्टिस कमी पडते, ट्रेनिंगची गरज आहे. एवढंच लिहायचं असेल तर सर्व्हे न करताही लिहिता आलं असतं की, चारशे डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा.

आता परिस्थिती बघा. हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारा, लिव्हर खराब करणारा व्हायरस. तो सापडला १९८९ साली, आणि पुढे बरीच वर्षं इलाज म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं, सहा महिने ते वर्षभर, ताप, नैराश्य, केस गळणं, आणि एवढं सोसून बरं होण्याची खात्री नाहीच. २०१३ च्या शेवटी सोफोसबुविर हे गोळीचं औषध आलं, अमेरिकेत तेव्हा एका गोळीला १००० डॉलर. २०१५ पासून आपल्याकडे जेनेरिक मिळायला लागलं, आणि २८ जुलै २०१८ ला एनव्हीएचसीपी म्हणजे राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर सरकारी सेंटरला तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट झालं. बहुतेकांचा कोर्स ८४ दिवसांचा, रोज तोंडाने घ्यायच्या गोळ्या, बरे होण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या रिपोर्टप्रमाणे २०२२ साली भारतात अंदाजे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. औषध आहे, फुकट आहे, पण पेशंट तिथपर्यंत पोचत नाहीये, मध्येच कुठेतरी गळतोय.

ती गळती शोधणं हे डॉक्टरांच्या सर्व्हेचं काम आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी डॉक्टरला काय माहितीय यापेक्षा त्याने शेवटच्या पॉझिटिव्ह पेशंटचं नेमकं काय केलं हे विचारावं लागतं. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय. उदाहरण महाराष्ट्रातल्या एका सर्वसाधारण जिल्ह्याचं धरलंय, एक सिव्हिल हॉस्पिटल, काही ग्रामीण रुग्णालयं, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं), आणि जिल्ह्याच्या गावात भरपूर खाजगी दवाखाने.

१. आधी गळतीची जागा पकडा

कागदावर पेशंटचा प्रवास लिहून काढा. कोणीतरी रॅपिड टेस्ट केली, म्हणजे रक्तातली अँटिबॉडी बघितली, पॉझिटिव्ह आली. मग आरएनए म्हणजे व्हायरल लोड, रक्तात व्हायरस आत्ता आहे का आणि किती ते. तो आला तर लिव्हर किती खराब झालंय ते बघायचं, एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम, प्लेटलेट, सोनोग्राफी. मग ट्रीटमेंट सेंटर, ८४ दिवस गोळ्या, आणि गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी परत व्हायरल लोड, ज्याला एसव्हीआरची तपासणी म्हणतात. तो निगेटिव्ह आला की पेशंट बरा.

यातल्या प्रत्येक पायरीवर वेगळा माणूस उभा असतो. लॅबवाला, सर्जन, ब्लड बँकेचा समुपदेशक, डायलिसिस टेक्निशियन, जीपी, सिव्हिलचा फिजिशियन. एकाच सर्व्हेत सगळ्या पायऱ्या घेतल्या तर प्रश्नावली सोळा पानांची होते आणि शेवटची दहा पानं कोणी वाचत नाही. म्हणून एक किंवा फार तर दोन पायऱ्या धरा. माझं मत विचाराल तर आपल्या जिल्ह्यांत सगळ्यात मोठं भोक पहिल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये असावं, म्हणजे अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली आणि आरएनए झालाच नाही. कारण ही टेस्ट मुळात हिपॅटायटिस शोधायला केलेलीच नसते, ऑपरेशनच्या आधी एचआयव्ही आणि एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची टेस्ट) सोबत करायची म्हणून केलेली असते. पॉझिटिव्ह आली तर ऑपरेशनला डबल ग्लोव्ह घालतात, केस लिस्टमध्ये शेवटी ढकलतात किंवा दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवून देतात, आणि पेशंटला कोणी धड सांगतही नाही की हा आजार पूर्ण बरा होतो.

तर उद्देश एका वाक्यात लिहा. "या जिल्ह्यात अँटिबॉडी पॉझिटिव्ह आलेल्या पेशंटचं पुढे डॉक्टर काय करतात आणि आरएनए करायला त्यांना काय अडचण येते." पुढचा प्रत्येक प्रश्न या वाक्याला लावून बघायचा, बसत नसेल तर काढून टाकायचा. "हिपॅटायटिस सी व्हायरस कोणत्या फॅमिलीतला" हा प्रश्न इथेच बाद होतो.

२. कोणाला विचारायचं आणि त्यांची यादी कुठून आणायची

"हेल्थकेअर प्रोव्हायडर" म्हटलं की डोक्यात फक्त एमबीबीएस येतो. पण तालुक्याच्या गावात पेशंट पहिल्यांदा जातो बीएएमएस किंवा बीएचएमएस कडे, त्यातले काही होमिओपॅथ सीसीएमपी (ॲलोपॅथीच्या औषधांचा कोर्स) केलेले. डायलिसिस सेंटरमध्ये पेशंटशी आठवड्याला दोन-तीनदा बोलतो तो टेक्निशियन. रक्तदान शिबिरात पॉझिटिव्ह निघालेल्या धडधाकट माणसाला परत बोलावून सांगायचं काम ब्लड बँकेच्या समुपदेशकाचं. या दोघांना बहुतेक सर्व्हेत कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते गळतीबद्दल सगळ्यात जास्त माहिती यांच्याकडे असते. कावीळ उतरवणारे आणि गावठी औषधवाले यांचं काय असंही कोणी विचारतं, तर त्यांचा अभ्यास वेगळा करा, एकाच फॉर्ममध्ये ते बसणार नाहीत.

यादीचं प्रकरण जरा डोक्याला ताप आहे. मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये पत्ता वीस वर्षं जुना असू शकतो, माणूस नाशिकचा आणि प्रॅक्टिस करतो पुण्यात. आयएमए म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनच्या यादीत फक्त मेंबर, बीएएमएस वाले तिथे नाहीतच, त्यांची संघटना नीमा वेगळी. आणि महाराष्ट्रात नर्सिंग होमचा १९४९ चा कायदा आहे तो बेड असलेल्या हॉस्पिटलला लागू, नुसत्या ओपीडीच्या दवाखान्याची नोंद त्यात सापडत नाही. अशा वेळी बायोमेडिकल वेस्ट उचलणाऱ्या कंपनीची यादी फार उपयोगी पडते, कारण ज्याच्याकडे सुई-सिरिंजचा कचरा होतो त्याची नोंद तिथे असायला हवी, ओपीडीवाल्याचीसुद्धा. सगळ्यांची असतेच असं नाही. म्हणून आयएमए, नीमा आणि वेस्टवाली अशा तीन याद्या एकत्र करा, डबल नावं काढा, आणि मग एखाद्या ओळखीच्या एमआरला, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीला, दाखवा. कोण रिटायर झालं, कोणी दवाखाना हलवला, कोण कितीला येतो हे एमआरला तोंडपाठ असतं. फक्त त्याला यादी कशासाठी हवीय ते सांगा आणि त्याच्या कंपनीला या सर्व्हेपासून लांब ठेवा. ज्या कंपनीच्या गोळ्या त्याच कंपनीच्या पैशातून सर्व्हे झाला तर तुमच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

३. सॅम्पल साइज

सगळे ४पीक्यू भागिले एल स्क्वेअर हे सूत्र लावतात (पी म्हणजे अपेक्षित टक्का, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक), पी ५० टक्के, चूक ५ टक्के, उत्तर ४००. ४ ऐवजी १.९६ चा वर्ग नेमका धरला तर ३८४. पण तुमच्या गावात डॉक्टरच एकूण २५० असतील तर ४०० आणणार कुठून? तिथे मर्यादित संख्येची दुरुस्ती लावायची, ३८४ ला भागायचं (१ अधिक ३८३ भागिले २५०) ने, येतात १५२. पाचातला एक तरी नाही म्हणणार किंवा भेटणार नाही असं धरलं तर १५२ भागिले ०.८, म्हणजे १९० जणांकडे जायचं.

इथपर्यंत गाइड सांगतातच. खरी अडचण याच्या पुढे आहे आणि ती डेटा हातात आल्यावरच लक्षात येते. तुमचा मुख्य प्रश्न आहे "शेवटच्या पॉझिटिव्ह पेशंटचं काय केलं", आणि बऱ्याच जीपींनी गेल्या वर्षभरात एकही पॉझिटिव्ह पेशंट बघितलेला नसतो. समजा पूर्ण उत्तरं देणाऱ्यांपैकी ६० जणांनीच बघितलाय आणि त्यातल्या ३३ जणांनी आरएनए सांगितला, तर टक्का आला ५५, पण त्याची रेंज, म्हणजे खरा आकडा ज्यात असू शकतो ती, जाते साधारण ४२ ते ६८. एवढ्या रुंद रेंजवर सिव्हिल सर्जनला काय सांगणार? म्हणून पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी सर्व्हेत, बघायचं की कितीजणांकडे असा पेशंट येतो, आणि त्यावरून उलटा हिशोब करायचा. सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, नेफ्रॉलॉजिस्ट यांच्याकडे असे पेशंट जास्त, तर त्यांचा गट वेगळा करून त्यातले जवळपास सगळेच घ्या, आणि जीपींमधून चिठ्ठ्या टाकून निवडा. डायलिसिस सेंटर आणि ब्लड बँका जिल्ह्यात मोजक्याच असतात, त्या सगळ्याच घ्यायच्या, सॅम्पलिंगचा प्रश्नच नाही.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून मोकळं व्हायचा मोह आवरा. ग्रुपमध्ये ३०० जण, भरला ७० जणांनी, त्यातले अर्धे तुमचे बॅचमेट. बाकीच्या २३० नी बघितला की नाही तेही माहीत नाही. हिपॅटायटिसमध्ये इंटरेस्ट असलेला डॉक्टरच असा फॉर्म भरतो, मग जिल्हा एकदम हुशार दिसायला लागतो.

४. परवानग्या

एथिक्स कमिटी लागतेच, पेशंट नसले तरी. डॉक्टर हेही रिसर्चमधले सहभागीच, आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्स त्यांनाही लागू. एक्सपिडायटेड रिव्ह्यू (पूर्ण मीटिंग न घेता लवकर होणारा) मागता येतो, पण तुमच्या प्रश्नांत सिरिंज परत वापरणं किंवा पेशंटला नाकारणं असं काही असेल तर कमिटी फुल मीटिंगला घेऊ शकते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

सरकारी बाजूला दोन वेगवेगळी दारं आहेत हे नव्या माणसाला कळत नाही. सिव्हिल, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. पीएचसी आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. एकाचं पत्र दुसऱ्याकडे चालत नाही. महानगरपालिका असेल तर तिसरं दार, वैद्यकीय आरोग्य अधिकारी. तिन्हीकडे एकाच दिवशी अर्ज टाका, सोबत एथिक्सचं पत्र आणि प्रश्नावलीची कॉपी जोडा, आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका. पत्रात एक ओळ नक्की लिहून घ्या की वैयक्तिक उत्तरं ऑफिसला दिली जाणार नाहीत, नाहीतर मेडिकल ऑफिसर वरिष्ठांना आवडेल तेच उत्तर देणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

५. प्रश्नावली, इथे वेळ घाला

नेहमीचा प्रश्न असा असतो: "तुम्ही हाय रिस्क पेशंटचं हिपॅटायटिस सी साठी स्क्रीनिंग करता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही." याला कोण कधीच नाही म्हणेल? सगळे "नेहमी" वर टिक करतात. त्याऐवजी असं विचारा:

"गेल्या १२ महिन्यांत तुमच्याकडे एचसीव्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह आलेला एखादा तरी पेशंट आला का? आला असेल तर सगळ्यात अलीकडचा आठवा. नाव नको. टेस्ट कोणी आणि कशासाठी केली होती? त्यानंतर तुम्ही काय केलं?"

आणि मग पर्याय, पण असे की कोणालाही टिक करायला लाज वाटणार नाही. आरएनए लिहून दिला. फिजिशियन किंवा गॅस्ट्रोकडे पाठवलं. सिव्हिलला पाठवलं. टेस्ट परत करायला सांगितली. लिव्हर टॉनिक किंवा सपोर्टिव्ह औषध दिलं. एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल होतं म्हणून काही केलं नाही. पेशंट परत आलाच नाही. आठवत नाही. हा शेवटचा पर्याय पाहिजेच, नाहीतर लोक मनानेच काहीतरी भरतात. पुढचा प्रश्न, "त्या पेशंटचं पुढे काय झालं, तुम्हाला कळलं का?" बहुतेकांना कळलेलं नसतं, आणि रेफर करणाऱ्याला उलट निरोप येत नाही हीसुद्धा सर्व्हेतून बाहेर येणारी मोठी गोष्ट आहे.

ज्यांच्याकडे असा पेशंट आलाच नाही त्यांच्यासाठी केस द्या, कागदावरचा पेशंट. केस लिहिताना त्यात एक गोष्ट लपवायची जी प्रॅक्टिस करणाऱ्याला दिसली पाहिजे. उदाहरणार्थ: "वय ५० चा पुरुष, हर्नियाच्या ऑपरेशनआधी एचसीव्ही पॉझिटिव्ह. काही त्रास नाही. आरएनए पण पॉझिटिव्ह. एसजीओटी ८०, लॅबची वरची मर्यादा ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख, बिलिरुबिन नॉर्मल." घाईत वाचणारा म्हणेल एन्झाइम थोडेच वाढलेत. पण आकडे मांडून बघा, लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज देणारे दोन हिशोब आहेत. एपीआरआय म्हणजे एसजीओटीला वरच्या मर्यादेने भागायचं, गुणिले १००, भागिले हजारात प्लेटलेट, येतं बरोबर २. फिब-फोर म्हणजे वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ), म्हणजे ५० गुणिले ८० भागिले (१०० गुणिले ८), येतं ५. दोन्ही सिरॉसिसकडे, म्हणजे लिव्हर कडक होऊन कायमचं खराब होण्याकडे, बोट दाखवतात. कार्यक्रमाच्या गाइडलाइनप्रमाणे सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, सिरॉसिस असेल तर सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर, आणि लिव्हर डीकम्पेन्सेटेड (काम झेपेनासं) झालेलं असेल तर सोबत रिबाविरिन, म्हणजे गोळी बदलते. जीपीने गोळी निवडावी अशी अपेक्षा नाही, पण "प्लेटलेट कमी आहेत, लवकर पाठवतो" एवढं त्याने म्हटलं तरी पुरे. तीच केस डायलिसिसवाल्यांना बदलून द्या, स्त्रीरोगतज्ज्ञांना गरोदर बाईची द्या (गरोदरपणात सहसा गोळ्या सुरू करत नाहीत, बाळंतपणानंतर करतात, आणि रिबाविरिन तर अजिबात नाही).

नॉलेजचे प्रश्न ठेवायचेच असतील तर मोजके, आणि ज्यांच्या चुकीमुळे पेशंटचं खरोखर नुकसान होतं तेवढेच. अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे आजार चालू आहे का? (नाही, साधारण ३० टक्के लोकांचा व्हायरस सहा महिन्यांत आपोआप जातो, अँटिबॉडी मात्र राहते.) बरं झाल्यावर अँटिबॉडी निगेटिव्ह होते का? (बहुतेकांची होत नाही, म्हणून एसव्हीआरला व्हायरल लोडच करायचा. हे माहीत नसल्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाला नोकरीच्या मेडिकलमध्ये परत पॉझिटिव्ह म्हणून परत पाठवतात.) लस आहे का? (नाही, बी ची आहे.) गोळ्या सुरू करण्याआधी एचबीएसएजी का बघायचं? (बी परत उसळू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली तसा ठळक इशारा छापायला लावला.) सोबत कोणती औषधं चालत नाहीत? (अमिओडॅरॉनबरोबर सोफोसबुविर घेतलं तर हृदयाचे ठोके धोकादायक कमी होऊ शकतात, टीबीच्या रिफॅम्पिसिनने गोळ्यांचा असर उतरतो, आणि ज्या पँटोप्राझोल जातीच्या ॲसिडिटीच्या गोळ्या आपल्याकडे चॉकलेटसारख्या वाटल्या जातात त्या वेल्पाटासविरचं शोषण कमी करतात.)

ॲटिट्यूडसाठी "हिपॅटायटिसच्या पेशंटशी भेदभाव करू नये, सहमत की असहमत" असलं काही विचारू नका, सगळे सहमतच असतात. "तुमच्या हॉस्पिटलमध्ये पॉझिटिव्ह पेशंटचं ऑपरेशन लिस्टमध्ये साधारण कितव्या नंबरला लागतं?" किंवा "पॉझिटिव्ह किटचा वेगळा चार्ज लागतो का?" असं विचारलं की माणूस सरळ उत्तर देतो, कारण त्यात त्याला काही लपवण्यासारखं वाटतच नाही.

अडचणींचे प्रश्न ठोस ठेवा. आरएनए जवळ कुठे होतो माहितीय का, खाजगीत किती पडतो, रिपोर्ट किती दिवसांनी येतो, सरकारी ट्रीटमेंट सेंटर कुठल्या गावात आहे, तिथे फुकट होतं हे माहितीय का. टीबीसाठी वापरतात त्या जीनएक्स्पर्ट मशीनवर हा व्हायरल लोड होऊ शकतो, गोव्याच्या मोलबायोच्या ट्रूनॅटवरही होतो, त्यामुळे मशीन तालुक्यात असून डॉक्टरला पत्ता नाही असंही निघू शकतं, आणि तसं निघालं तर त्यावर लगेच काहीतरी करता येतं.

डिग्री, रजिस्ट्रेशन, वय, अनुभव हे सगळं शेवटी. पहिलाच प्रश्न "आपलं शिक्षण?" असा टाकला की समोरच्याला बोगस डॉक्टर शोध मोहीमच आल्यासारखं वाटतं आणि पुढची सगळी उत्तरं सावध होतात. रजिस्ट्रेशन नंबर तर विचारूच नका, त्याचं तुम्हाला कामच काय.

६. उत्तरपत्रिका आधी गोठवा

फील्डला जायच्या आधी प्रत्येक प्रश्नाचं "बरोबर" उत्तर लिहून, तारीख टाकून, दोन तज्ज्ञांची सही घेऊन ठेवा, एक हिपॅटॉलॉजी किंवा गॅस्ट्रोवाला आणि एक जिल्ह्यात प्रत्यक्ष हे पेशंट बघणारा फिजिशियन. कारण या विषयात उत्तरं बदलत जातात. सुई टोचली तर संसर्गाची शक्यता किती, याला आपण सगळे "३०, ३, ०.३" पाठ करून पास झालो, अनुक्रमे बी, सी आणि एचआयव्हीचे टक्के. अमेरिकेच्या सीडीसीने २०२० मध्ये सी चा आकडा ०.२ टक्के धरलाय. आता जुन्या पुस्तकातून शिकलेला डॉक्टर ३ म्हणाला तर तो चूक की बरोबर? असा प्रश्न ठेवूच नये. त्यापेक्षा "टोचल्यावर तुम्ही काय करता" हे विचारा, सी साठी पीईपी (टोचल्यावर संसर्ग टाळायला घ्यायचं औषध) नाही, त्यामुळे बेसलाइन टेस्ट आणि फॉलोअपची टेस्ट हेच खरं उत्तर. तसंच डायलिसिसला सी पॉझिटिव्हसाठी वेगळं मशीन हवं का. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वेगळं ठेवतात, सीडीसी म्हणते सी साठी वेगळं काढायची गरज नाही, इन्फेक्शन कंट्रोल कडक हवा. इथे मार्क देऊ नका, कोण काय करतं एवढंच नोंदवा.

७. पायलट

दहा-बारा जणांना पुरे, पण समोर बसून. फॉर्म देऊन निघून आलात तर तो पायलट नाहीच. डॉक्टरला म्हणायचं, सर, प्रश्न मोठ्याने वाचा आणि मनात येईल ते बोला. मग असं काहीतरी ऐकू येतं:

"तुमच्याकडे एचसीव्हीची टेस्ट होते का? हो, होते."
"कोणाची करता सर?"
"ऑपरेशनच्या सगळ्यांची. ट्रायडॉटचं रॅपिड किट लावतो ना."
"आणि ओपीडीत, पूर्वी रक्त चढवलेलं असेल, डायलिसिस असेल, अशांची?"
"त्यांची... त्यांची कशाला? काही लक्षणं असतील तर करतो."

तुमच्या फॉर्मवर यांचं उत्तर "हो" असं गेलं असतं. आता प्रश्न दोन तुकड्यांत करायचा हे कळलं, ऑपरेशनआधीची टेस्ट वेगळी आणि रिस्क बघून केलेली वेगळी. याच पायलटमध्ये घड्याळ लावा. जीपीचा फॉर्म दहा मिनिटांच्या वर जात असेल तर कापा, निर्दयपणे कापा. नर्स, टेक्निशियन, समुपदेशक यांचा फॉर्म मराठीत हवा, आणि तो त्यांच्यातल्याच एकाकडून वाचून घ्या, शासकीय मराठीत "रक्तसंक्रमण" लिहिलं की वाचणारा थबकतो, "रक्त चढवणं" लिहा ना सरळ.

८. फील्ड

कधी जायचं हे अर्धं काम. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, तापाची ओपीडी ओसंडत असते, तेव्हा जाल तर हाकलून देतील. जुलैच्या शेवटी जागतिक हिपॅटायटिस दिनाची पोस्टरं आणि सीएमई (डॉक्टरांची शिक्षण सत्रं) चालू असतात, त्या पंधरवड्यात घेतलेली उत्तरं पोस्टरवरची असतात. मार्चएंडला सरकारी ऑफिसात कोणाला वेळ नाही. दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला.

दवाखान्यात गेल्यावर आधी कंपाउंडरशी नीट बोला, पेशंट कितीला संपतात ते त्यालाच माहीत असतं. सकाळची ओपीडी संपता संपता, एक-सव्वा एकला, डॉक्टर जेवायला निघायच्या आत, दहा मिनिटं मिळतात. एमआरची रांग असेल तर त्यांच्या मागे उभे रहा, पुढे घुसू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. इंटर्नला पाठवत असाल तर एप्रन आणि आयकार्ड, आणि पहिलं वाक्य पाठ करून घ्या, "सर, ही परीक्षा नाही, इन्स्पेक्शन नाही, तुमचं नाव फॉर्मवर येणार नाही." तीनदा वेगवेगळ्या वेळी जाऊनही भेट झाली नाही तर "भेटले नाहीत" लिहा आणि पुढे चला, पण त्यांच्या जागी शेजारचा दवाखाना घेऊ नका, नाहीतर चिठ्ठ्या टाकण्याला काही अर्थच राहत नाही. नकार देणाऱ्याचं निदान गाव, पॅथी आणि सरकारी की खाजगी एवढं नोंदवून ठेवा, शेवटी नकार देणारे वेगळे होते का हे बघता येतं.

डॉक्टर उत्तर देताना मोबाइल उघडतात. थेट "बघू नका" म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून केसचे प्रश्न समोर बसून तोंडी विचारा. कोबो टूलबॉक्स हे फॉर्म भरायचं ॲप ऑफलाइन चालतं, खेड्यात रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो, गूगल फॉर्म तिथे अडकतो. मोबदल्यात काय द्यायचं? क्रेडिट पॉइंटवाली सीएमई ही डॉक्टरांना खरोखर हवी असते, पण ती सर्व्हे पूर्ण झाल्यावर ठेवा, आधी ठेवलीत तर तुम्ही तुमचंच लेक्चर मोजताय.

९. डेटा, आणि डॉक्टरच्या शब्दाला दुसरा पुरावा

स्कोअर काढून ५० टक्क्यांच्या वर "चांगलं", खाली "वाईट" असं करू नका. लस नाही हे माहीत असणं आणि आरएनए करायचा हे माहीत असणं यांना एकेक मार्क कसा? प्रत्येक पायरीचा वेगळा टक्का द्या, प्रत्येकाचा छेद वेगळा लिहा, रेंज लिहा. सर्जन जास्त घेतले आणि जीपी कमी, तर पूर्ण जिल्ह्याचा आकडा देताना प्रत्येक गटाच्या खऱ्या संख्येप्रमाणे वजन लावा, किंवा सरळ दोन वेगळे आकडे द्या, वाचणाऱ्याला तेच जास्त कळतं.

माणूस स्वतःबद्दल थोडं चांगलंच सांगतो, तुम्ही-आम्ही पण तेच करू. म्हणून परवानगी घेऊन दुसरीकडचे आकडेही बघा. सिव्हिलच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात किती एचसीव्ही पॉझिटिव्ह, त्यातले किती ट्रीटमेंट सेंटरच्या रजिस्टरला चढले. नावं कॉपी करायची नाहीत, फक्त आकडे. सर्व्हेत बहुतेक डॉक्टर म्हणाले सिव्हिलला पाठवतो, आणि सेंटरच्या रजिस्टरमध्ये खाजगीतून रेफर झालेले बोटावर मोजण्याइतके, तर पेशंट वाटेत कुठेतरी गळला किंवा पाठवलाच नाही. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

छापताना एक काळजी. जिल्ह्यात गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट एकच असेल आणि तुम्ही टेबलमध्ये "गॅस्ट्रो, एन बरोबर १" लिहिलं, तर नाव लिहिल्यासारखंच झालं. पाचपेक्षा कमी असलेले गट एकत्र करून "सुपरस्पेशालिस्ट" मध्ये टाका. ब्लड बँका दोनच असतील तर त्यांची माहिती आकड्यात न देता वर्णनात द्या, आणि छापायच्या आधी त्यांना दाखवा.

१०. रिपोर्ट कोणाच्या टेबलावर

थिसिस लायब्ररीत जाणार आहेच. त्याशिवाय एका पानाचा मराठी रिपोर्ट करा, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी दोघांसाठी, आणि त्यात "जनजागृतीची गरज आहे" असलं वाक्य येऊ देऊ नका. असं लिहा की ज्यावर उद्या सही करता येईल. उदाहरणार्थ, लॅबच्या एचसीव्ही पॉझिटिव्ह रिपोर्टवर खाली छापून घ्या की पुढची टेस्ट आरएनए, फुकट होते, अमुक ठिकाणी, अमुक वारी. ट्रीटमेंट सेंटरने रेफर करणाऱ्या डॉक्टरला पेशंट पोचल्याचा मेसेज पाठवावा. ऑपरेशनआधीच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलेल्यांचं रजिस्टर ओटीच्या सिस्टरकडे न राहता आठवड्याला सेंटरला जावं.

ज्या डॉक्टरांनी वेळ दिला त्यांनाही तेच पान व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत सेंटरचा पत्ता, वार आणि फोन. पाठवण्याआधी त्या नंबरवर स्वतः एकदा फोन लावून बघा, कोणी उचलतं का ते.